हवा मारण्यातच निम्मा कम्प्रेसर संपतो आहे : दुसरा घ्यावा की आधी नोझल बदलावे?

प्रश्न : भोसरीकर_टर्निंग

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचे छोटे मशीन शॉप आहे. आठ सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ, तीन व्हीएमसी (उभी मिलिंग मशीन), जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेले भाग, धुण्याचे एक वॉशिंग मशीन आणि दोन पाळ्या, असा पसारा आहे. हवेसाठी ३० किलोवॉटचा स्क्रू कम्प्रेसर असून नेमप्लेटवर ७ बारला १८५ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) असे लिहिलेले आहे. तो लोड-अनलोड पद्धतीचा आहे, म्हणजे दाब भरला की हवा देणे थांबवून मोकळा फिरतो. मोटरचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी त्याला नाही.

अडचण अशी की सकाळी साडेनऊनंतर सगळी मशीन रंगात आली की हेडरवरचा, म्हणजे हवेच्या मुख्य पाइपमधला, दाब ६ बारवरून पाचच्या खाली उतरतो आणि टोकाच्या व्हीएमसीवर कमी हवेचा अलार्म येऊन टूल बदलतानाच मशीन थांबते. कम्प्रेसर विक्रेत्याने पाहणी करून दुसरा २२ किलोवॉटचा कम्प्रेसर घ्या असे सुचवले आहे आणि आमच्या शेठजींचा कलही तिकडेच आहे.

मात्र मी दोन दिवस शॉपमध्ये उभे राहून पाहिले तेव्हा हवेचा सर्वात मोठा ग्राहक मशीन नसून माणसाच्या हातातली हवा मारण्याची गन आहे असे दिसले. प्रत्येक जॉब काढल्यावर ऑपरेटर आधी जॉबवर, मग चकच्या जॉवर (जॉब पकडणाऱ्या जबड्यांवर), मग पुन्हा जॉबवर हवा मारतो. आमच्या बहुतेक गनांना मूळ नोझल राहिलेलेच नाही. त्या जागी ६ मिमी आतल्या व्यासाची तांब्याची नळी बसवलेली आहे. गनपर्यंत ८ मिमीची, म्हणजे आतून ५ मिमी असलेली, पीयू कॉइल ट्यूब (गुंडाळीची लवचिक नळी) येते. वॉशिंग मशीनच्या तोंडाशी जॉब सुकवण्यासाठी ४ मिमीच्या चार नळ्या दिवसभर उघड्या असतात, जॉब असो वा नसो.

रविवारी सर्व मशीन बंद ठेवून गळतीही मोजली. कम्प्रेसर ५० सेकंद लोडवर आणि ४ मिनिटे १० सेकंद अनलोडवर राहिला, म्हणजे गळती साधारण १७ टक्के निघाली. ती दुरुस्त करण्याचे काम चालू आहे. माझा प्रश्न फक्त हवा मारण्याबद्दल आहे. मध्यंतरी बारीक भोकाची नोझल आणून दिली तर दोन दिवसांत सगळ्यांनी काढून टाकली. "हवेला जोरच नाही" अशी तक्रार होती. जोर कमी न करता हवा कमी करण्याचा काही मार्ग आहे का?

उत्तर १ : हवाखाते

आपण स्वतःच दोन आकडे लिहिले आहेत आणि दुखणे नेमके त्यांच्यामध्ये आहे : ट्यूब आतून ५ मिमी आणि नळी ६ मिमी. म्हणजे पाणी ज्या नळातून येते त्याच्यापेक्षा तोटीच मोठी आहे. हेडरवर ६ बार असले तरी गनचा खटका दाबताच तो दाब पाच मीटर कॉइलच्या घर्षणात संपून जातो आणि नोझलच्या तोंडाशी जेमतेम अर्धा बार उरतो. हे मानू नका, मोजा. गनच्या अगदी मागे एक टी (तीन तोंडांचा जोड) बसवून तिला साधा प्रेशर गेज लावा. खटका सोडलेला असताना काटा सहावर असेल. दाबल्यावर तो कुठे जाऊन थांबतो ते पाहा. आजवर माझा अनुभव असा आहे की हे दृश्य मालकाला एकदा दाखवले की पुढचे बोलणे सोपे होते.

आता जोराचा हिशेब. फवारा जॉबवर जो धक्का देतो तो त्याच्या संवेगावर, म्हणजे सेकंदाला किती हवा बाहेर पडते आणि ती कोणत्या वेगाने पडते या दोहोंच्या गुणाकारावर ठरतो. आपल्याकडे हवा भरपूर जाते, पण मागे दाबच उरलेला नसल्याने तिला वेग नाही. भोक लहान केले की ट्यूबमधून वाहणारी हवा कमी होते, त्यामुळे घर्षणात जाणारा दाब कमी होतो आणि तो वाचलेला दाब नोझलच्या तोंडाशी कामाला येतो.

५ मिमी बोअर आणि ५ मीटर लांबी धरून मी ढोबळ गणित केले. ६ मिमीच्या नळीतून सुमारे १७ सीएफएम हवा जाते आणि धक्का साधारण २४० ग्रॅमचा मिळतो. त्याच ट्यूबवर ३ मिमीचे नोझल लावले तर हवा १३ सीएफएम लागते आणि धक्का उलट वाढून ३४० ग्रॅमपर्यंत जातो. २.५ मिमीला ११ सीएफएममध्ये २९० ग्रॅम, तर २ मिमीला ८ सीएफएममध्ये २२० ग्रॅम. थोडक्यात, आज जेवढा जोर आहे त्याहून जास्त जोर एक-तृतीयांश हवा वाचवून मिळू शकतो, तोही मशीनला हात न लावता.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. "ट्यूब बारीक आहे ना, मग ती जाड करू" असे म्हणून कोणी आधी ट्यूब बदलली आणि तांब्याची नळी तशीच ठेवली, तर आज जी कॉइल नकळत लगाम घालते आहे तोच सुटेल. ६ मिमीच्या भोकामागे पूर्ण ६ बार उभे राहिले तर एका गनमधून ८० सीएफएमच्या आसपास हवा जाईल आणि दोन गन मिळून आपला अख्खा कम्प्रेसर पिऊन टाकतील. म्हणून आधी नोझल बदला, ट्यूब नंतर. ट्यूबच्या आतले क्षेत्रफळ नोझलच्या भोकाच्या निदान तिप्पट असावे, हा कामचलाऊ नियम पुरेसा आहे. मध्ये क्विक कपलर असेल तर त्याचेही भोक पाहा, कारण अनेकदा ट्यूब चांगली असते आणि कपलरच गळा आवळतो.

उत्तर २ : शिरोली_मोल्डिंग

मी कोल्हापूरजवळच्या शिरोलीत फाउंड्रीत आहे. वरच्या उत्तरात नोझलचा मुद्दा उत्तम मांडला आहे, परंतु अंतराचा विषय राहून गेला आणि माझ्या मते पैसे तिथेच जास्त आहेत. नोझलमधून निघालेल्या फवाऱ्याचा गाभा भोकाच्या व्यासाच्या पाच-सहा पट अंतरापर्यंतच टिकतो. त्यापुढे तो आजूबाजूची हवा ओढून घेत पसरतो आणि त्याचा वेग अंतराच्या प्रमाणात घटत जातो. जॉबवर पडणारा दाब तर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २०० मिमीवरून मारलेली हवा १०० मिमीवरून मारली तर त्याच हवेत चौपट दाब पडतो.

ऑपरेटर लांबून हवा का मारतो, याचा विचार करा. जवळून मारली तर चिप्स (धातूचा कीस) आणि कूलंट (जॉब गार ठेवणारे पाणी) तोंडावर उडतात म्हणून तो हात मागे घेतो आणि मग लांबूनही काम व्हावे म्हणून मोठी नळी मागतो. आमच्याकडे गनला १५० मिमी लांबीची सरळ दांडी आणि दांडीवर पारदर्शक ढाल बसवल्यावर हात होता तिथेच राहिला आणि नोझल मात्र जॉबजवळ पोहोचले.

मोल्डमधली सुटी वाळू काढण्यासाठी मात्र आम्ही हवा जवळजवळ बंद केली आणि सक्शन लावले. उडवलेली सिलिकाची धूळ शेवटी कोणाच्या तरी छातीत जाते, तेथे सीएफएमचा हिशेब दुय्यम ठरतो.

उत्तर ३ : जुना_मेंटेनन्स

इतके गणित करण्यापेक्षा कम्प्रेसरचे कट-आउट, म्हणजे तो ज्या दाबाला हवा देणे थांबवतो ते, ८ बारला करून पाहा, टोकाच्या मशीनलाही दाब मिळेल. शिवाय हल्ली हवा पंचवीसपट वाढवून देणारी अॅम्प्लिफायर नोझल मिळतात, ती लावली की विषय संपला.

उत्तर ४ : हवाखाते

दादांचा अनुभव मोठा आहे, तरी दोन्ही सूचनांशी मी सहमत नाही. दाब १ बारने वाढवला की कम्प्रेसरची वीज ६ ते १० टक्क्यांनी वाढते, हे ऊर्जा लेखापरीक्षणाच्या अभ्यासक्रमातच शिकवले जाते. त्याहून वाईट म्हणजे उघड्या भोकातून आणि गळतीतून जाणारी हवा निरपेक्ष दाबाच्या (गेजवरचा दाब अधिक वातावरणाचा १ बार) प्रमाणात वाढते, म्हणून ७ ऐवजी ८ बार केल्यावर प्रत्येक उघडी नळी आणि प्रत्येक गळती आठवा हिस्सा जास्त हवा पिऊ लागते. हवा कमी पडते म्हणून दाब वाढवायचा आणि दाब वाढला म्हणून हवा आणखी कमी पडायची, हे चक्र मी अनेक शॉपमध्ये पाहिले आहे.

अॅम्प्लिफायर नोझलविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. अशी नोझल आजूबाजूची हवा ओढून फवाऱ्यात मिसळतात हे खरे आहे, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या हवेचे आकारमान कितीतरी पटींनी वाढते हेही खरे आहे. पण मिसळलेल्या हवेला वेग देण्यासाठी मूळ हवेचा वेग खर्च होतो; संवेग काही पटींनी वाढत नाही. जोर फुकट मिळत नाही. उघडी नळीसुद्धा दोन हात अंतरावर पोहोचेपर्यंत आजूबाजूची हवा ओढतच असते. या नोझलचा खरा फायदा असा की मूळ भोक बारीक असते, फवारा रुंद आणि सलग पडतो आणि आवाज बराच कमी होतो. पत्र्यावरचे पाणी सरकवायला किंवा गरम जॉब गार करायला ती उत्तम आहेत. आंधळ्या (आरपार नसलेल्या) भोकातली चिकट चिप काढायला साधे बारीक सरळ नोझलच हवे.

वॉशिंग मशीनच्या नळ्यांकडेही वळू या, कारण आपण ते एका वाक्यात सांगितले असले तरी सर्वात मोठी गळती तीच आहे. ४ मिमीच्या नळीमागे ३ बार धरले तर एकीतून २० सीएफएम, म्हणजे चारमधून ८० सीएफएम सतत जाते. स्क्रू कम्प्रेसरला १ सीएफएमसाठी साधारण ०.१७ किलोवॉट लागतात. दोन पाळ्यांचे महिन्याला ४०० तास आणि युनिटला ९ रुपये धरले तर प्रत्येक सतत वाहणारा सीएफएम महिन्याला ६०० रुपयांच्या घरात जातो आणि आपल्या चार नळ्या ४९,००० रुपयांच्या. यातले सगळे पैसे मात्र वाचणार नाहीत, कारण आपला कम्प्रेसर लोड-अनलोड आहे आणि अनलोडवर असतानाही तो पूर्ण भाराच्या २५ ते ३० टक्के वीज घेतच राहतो. ३४,००० वाचतील असे धरा आणि शेठजींनाही तोच आकडा सांगा. मोठा आकडा सांगून पुढच्या बिलाला तोंड दाखवण्याची पंचाईत होते.

पाणी सुकवायला ६ बारची हवा म्हणजे मुंगीला मारायला तोफ. तेथे साइड चॅनल ब्लोअर आणि एअर नाइफ (लांब फटीतून हवेचा पडदा सोडणारे तोंड) लावावे, ०.२ बारच्या आसपासची भरपूर हवा पुरते आणि काम दोन-चार किलोवॉटमध्ये होते. ते येईपर्यंत नळ्यांच्या आधी सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडझाप होणारा) आणि कन्व्हेयरवर एक सेन्सर बसवा, म्हणजे जॉब समोर असेल तेव्हाच हवा सुटेल. सतत सोडण्यापेक्षा थांबून-थांबून सोडल्यास थेंब अधिक चांगले सुटतात, असेही आढळेल.

उत्तर ५ : सुरक्षा_चाकण

मी चाकण भागातील एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून काम करते. हवा वाचवण्याच्या उत्साहात नोझलमागचा दाब पुन्हा सहा बारच्या जवळ नेला जातो आहे, याकडे सर्वांनी लक्ष द्यावे. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमावलीत साफसफाईसाठी वापरल्या जाणाऱ्या हवेचा दाब, नोझलचे तोंड बंद झाले असता, ३० पीएसआयच्या, म्हणजे सुमारे २ बारच्या खाली असला पाहिजे आणि चिप्स अडवणारी ढाल व चष्मा वापरला पाहिजे असे बंधन आहे. यातला हेतू आपल्याकडेही तितकाच लागू आहे. नोझलचे तोंड त्वचेला टेकले आणि हवेला दुसरी वाट नसली तर ती जखमेतून शरीरात शिरू शकते. त्यामुळे साधे एका भोकाचे नोझल न घेता बाजूला सुटका-भोके असलेले घ्यावे. तोंड दाबले गेले तरी हवा बाजूने निघून जाते आणि समोरचा दाब मर्यादेत राहतो. साध्या नोझलपेक्षा ते थोडे महाग पडते, पण गनांची संख्या पाहता हा खर्च फार नाही.

पाळी संपताना अंगावरची धूळ झाडण्यासाठी गन वापरण्याची सवय तर ताबडतोब थांबवावी. पूर्वीच्या एका शॉपमध्ये असे करताना कॉलरमधली चिप उडून शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या डोळ्यात गेली होती. ज्याने हवा मारली त्याला खरचटलेसुद्धा नाही.

आवाजाचेही तसेच. आपल्याकडील कारखाने नियमांप्रमाणे ९० डेसिबलला ८ तास, ९५ ला ४ तास आणि १०० ला २ तास अशी मर्यादा आहे. उघडी तांब्याची नळी चालू असताना ऑपरेटरच्या कानाशी मीटर धरून पाहावे, म्हणजे नोझल बदलण्यासाठी विजेच्या बिलाखेरीज आणखी एक कारण हाती येईल.

उत्तर ६ : व्हीएमसी_वाला

एक छोटी भर. हवा मारण्याआधी ती मारावीच लागू नये असे काही करता येते का तेही पाहावे. लेथवर सायकल (एका जॉबचे काम) संपताना कूलंट बंद करून चक दोन-तीन सेकंद फिरता ठेवला तर निम्मे पाणी तेथेच झटकले जाते. जॉ साफ करायला आम्ही कूलंटचीच गन ठेवली आहे आणि टेबलावरच्या चिप्ससाठी ब्रश. हवा फक्त गेजिंगच्या, म्हणजे माप तपासण्याच्या, आधी लागते.

प्रश्नकर्त्याचे पुन्हा : भोसरीकर_टर्निंग

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे प्रयोग केला, त्याचा वृत्तान्त येथे लिहितो.

टी आणि गेज लावून आमचे सर्वात जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांच्या हातात गन दिली. काटा सहावर होता. खटका दाबल्याबरोबर तो असा खाली आला की गेज बिघडला असावा असे वाटून आम्ही दुसरा लावला. तोही अर्ध्या बारच्या थोडा वर जाऊन थांबला. मामा म्हणाले, "पण आवाज तर केवढा येतोय!" त्या एका वाक्यात आमचे सगळे दुखणे होते. बारीक नोझल त्यांनी काढून टाकले ते जोर कमी होता म्हणून नव्हे, तर आवाज कमी होता म्हणून.

मग स्टोअरमधला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आणला, त्यावर सपाट प्लेट ठेवून आकडा शून्य केला आणि गन व्हाइसमध्ये धरून प्लेटपासून १०० मिमीवर उभी बांधली. ६ मिमीच्या नळीने काट्यावर २२० ते २३५ ग्रॅम दाखवले. २.५ मिमीच्या नोझलने २७० दाखवले. २ मिमीला २०५ आले, पण गनची कॉइल बदलून १० मिमीची, आतून ६.५ मिमीची ट्यूब लावल्यावर तेच २ मिमीचे नोझल २३० वर गेले. म्हणजे जुन्या नळीएवढाच जोर, हवा मात्र सुमारे निम्मी. मामांनी काटा स्वतः दोनदा शून्य करून पाहिला आणि मग आपल्या मशीनची गन आधी बदला असे सांगितले.

आता लेथवर २ मिमीची आणि खोल भोके असलेल्या जॉबसाठी व्हीएमसीवर २.५ मिमीची, बाजूला सुटका-भोके असलेली नोझल बसवली आहेत. बाजूची हवा वजा जाता काट्यावरचा आकडा थोडा खाली आला, तरी कोणी तक्रार केलेली नाही. नव्या ट्यूब नोझल बदलल्यानंतरच ओढल्या. वॉशिंग मशीनला सध्या सोलेनॉइड आणि सेन्सर बसला असून ब्लोअरचे कोटेशन मागवले आहे. गेल्या आठवड्यात सकाळच्या गर्दीतही हेडर साडेपाचच्या खाली उतरला नाही आणि व्हीएमसीचा अलार्म एकदाही आला नाही. दुसऱ्या कम्प्रेसरची ऑर्डर शेठजींनी तूर्त बाजूला ठेवली आहे.

एक नवी अडचण उद्भवली आहे. रात्रपाळीत कोणीतरी दोन नोझलची भोके ड्रिलने ४ मिमी करून ठेवली. अशा वेळी आपण काय करता?

उत्तर ७ : शिरोली_मोल्डिंग

आमच्याकडेही असेच झाले होते. रागावून उपयोग होत नाही, कारण ज्याने भोक वाढवले त्याची काहीतरी खरी अडचण असते. आधी ती विचारावी. आमच्या बाबतीत जॉब धरून ठेवणाऱ्या एका फिक्स्चरचा कोपरा असा होता की सरळ दांडी तेथे पोहोचतच नव्हती. वाकडी दांडी करून दिल्यावर ड्रिल चालवणे थांबले. तपासणीसाठी मात्र नोझलच्या मापापेक्षा ०.१ मिमी जाड पिन ठेवावी. ती भोकात शिरली तर नोझल बदलायचे, इतके सोपे असल्याने सुपरवायझरला पाळी बदलताना सगळ्या गन पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

भोसरीकर_टर्निंग

आज रात्रपाळीला जाऊन विचारले. व्हीएमसीवरच्या टी-स्लॉटमधल्या (टेबलाच्या खाचांमधल्या) चिप्स बारीक फवाऱ्याने नुसत्या पुढे सरकतात, बाहेर पडत नाहीत, असे उत्तर मिळाले आणि ते बरोबरच होते. तेथे ब्रश आणि चिप्स ओढून काढायचा आकडा ठेवला आहे. लेथसाठी २.१ आणि व्हीएमसीसाठी २.६ मिमीची पिन दोऱ्याला बांधून टूल क्रिबच्या (हत्यारे ठेवण्याच्या खोलीच्या) खिडकीशी टांगली आहे.